समुद्राचा झोळ

सोलापूर स्टेशनच्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सत्तरच्या दशकात मी भूगोलाची नवी कोरी बाई होते, आणि ती पाटी दाखवायला सातवीच्या मुलींना स्टेशनात घेऊन गेले. इस्त्रीची साडी, हातात छडी आणि डोक्यात ताटासारखा सपाट समुद्र. तोवर मी समुद्र पाहिलेलाच नव्हता. पण हे मुलींना कशाला सांगायचं?

एका विणकराची मुलगी म्हणाली, "बाई, समुद्र सपाट कसा असंल? मागावरचं कापडबी लांबनं सपाट दिसतंय की. हात फिरवला की झोळ लागतोय."

"समुद्र म्हणजे काय तुझ्या बापाचा माग आहे?" मी म्हणाले. मुली खिदळल्या. मी स्वतःवरच खूश.

वार्षिक परीक्षेत तिनं तेच लिहिलं. मी त्या उत्तराला भोपळा दिला आणि तेवढ्यानं ती भूगोलात नापास झाली. नापास झाली तर शाळा बंद, आईबरोबर विड्या वळायच्या, असं तिच्या वडिलांनी बजावलेलं होतं. मला ते माहीत होतं. तरी सही ठोकली.

निकालानंतर आठवड्यात दादाचं पत्र आलं. माझा हा थोरला भाऊ परदेशात विमानातून समुद्र मोजणाऱ्यांच्यात होता. 'अगं, समुद्र सपाट ही आपली सोय. आम्ही वरून लेझरचा किरण पाण्यावर झाडूसारखा डावी-उजवीकडे फिरवतो. तो परतायला किती वेळ लागला, त्यावरून पाण्याची उंची कळते. फुगवटे, खोलगटं, काय वाट्टेल ते निघतं. सरळ रेघ म्हणून एकदा उमटली नाही.'

आणि ती पोरगी माझ्या सहीनं विड्यांच्या सुपापाशी बसली होती.

तशीच उठून मोठ्या बाईंकडे गेले.

"निकाल लागल्यावर मार्क बदलायचे? कारण?"

"कारण मी गाढव आहे."

"रजिस्टरात हे कसं लिहू?" असं म्हणत त्यांनी 'तपासणीत चूक' लिहिलं.

मुलीच्या घरी गेले, तर ती खरंच पानं कातरत होती. "तू पास आहेस," म्हणत पत्र तिच्या हातात दिलं. आता ही हसणार, मला टोमणा मारणार, म्हणून मी मान खाली घालून उभी. ती हसली नाही. दोनदा वाचलं.

"पण बाई, इमानच वरखाली हललं तर? झोळ पाण्याचा का इमानाचा, कळायचं कसं?"

"गप गं," वडील ओरडले, "बाई घरी आल्यात!"

रात्रभर डोकं खाजवूनही उत्तर सापडेना, तेव्हा दादाला विचारलं. शाळा सुरू झाल्यावर त्याचं उत्तर आलं: 'त्याच हलण्यानं आमचा जीव काढलाय. हा प्रश्न तुझा नाही, एवढं मी ओळखतो. कुणाचा?'

ते पत्र मी आठवीच्या वर्गात मोठ्यानं वाचलं. 'तुझा नाही' हेसुद्धा. पहिल्या बाकावरची ती तेवढ्याला मात्र मनसोक्त हसली.