लाईनवरचा इलाज

दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साचतात. रिकाम्या बाटल्या भंगारवाला नेतो, किस्से कुणी नेत नाही! नव्वदच्या दशकात मी देवळाली प्रवरात एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात सिस्टर होते. तिथले बाळंतपणाचे किस्से मी लग्नकार्यात सांगते, माणसं पोट धरून हसतात. लाईनवरच्या इलाजाचे मात्र सहसा सांगत नाही. त्यातही हसू येतं, पण मागाहून आपलीच लाज वाटते.

परवा भाची म्हणाली, "मावशी, आता ऑनलाईन थेरपी मिळते. अंगात अडकलेली भीती बाहेर काढतात. काय होत असेल गं त्यात?" म्हटलं, बाई गं, आम्ही हे टेलिफोनवर करून बसलोय! मग ऐक.

त्या वर्षी ऐन हंगामात ऊसतोड मजुरांची एक ट्रॉली पहाटे पाटात उलटली. पाट म्हणजे कालवा, आणि त्या दिवशी तो काठोकाठ भरून चालला होता. माणसं पाथर्डीकडची, उसाच्या एका फडातून दुसऱ्या फडात निघालेली. वाचलेल्यांपैकी सात बायका आमच्याकडे येऊ लागल्या. कुणाला झोप नाही, कुणाचा श्वास कोंडतो. कौसाबाईची उजवी मूठ मिटली होती ती उघडेचना. तिची सहा वर्षांची मंगल त्या पाण्यात गेली. एक्स-रे काढला, हाड शाबूत, पण मूठ बंद. बाई जेवायचीसुद्धा डाव्या हातानं.

तिचा नवरा बबन वाईट माणूस नव्हता. पण मला सरळच म्हणाला, "सिस्टर, पट्टा पडंपतूर हात उघडला तर बरं. न्हाईतर मला दुसरी करावी लागंल. एकट्याला मुकादम घेत न्हाई."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं. आमच्याकडे जेमतेम तीन महिने होते.

पुण्याहून एक डॉक्टर मॅडम यायला तयार झाल्या. म्हणाल्या, "भीती नुसती डोक्यात नसते, अंगात बसते. अंगालाच विचारावं लागतं." दोनदा आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांचीच कंबर धरली, प्रवास बंद! मग ट्रस्टनं स्पीकरवाला फोन आणला. दर गुरुवारी दुपारी तीनला तो सतरंजीच्या मधोमध ठेवायचा आणि भोवती सात जणी. बायका त्याला म्हणायच्या, "लाईनवर बसायचं."

*

पहिल्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "मला चेहरे दिसत नाहीत. एकेकीनं नाव सांगा आणि आज कसं वाटतंय ते सांगा."

पहिली बोलली जनाबाई. "मी जनाबाई. आता अर्धा कोयता."

"कोयता?" मॅडम ओरडल्याच. "सिस्टर, त्यांच्या हातात कोयता आहे? आधी काढून घ्या तो!"

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जनाबाईचा नवरा त्याच ट्रॉलीखाली गेला होता. हे पुण्याच्या बाईंना कसं समजवावं म्हणून मी शब्द शोधत होते, तेवढ्यात जनाबाईच फोनकडे वाकली.

"भिऊ नगा मॅडम. अर्धा काढून घेतलाय आधीच."

*

दुसरा गुरुवार. "पाय खाली टेका. डोळे मिटा. पायाखालची जमीन जाणवतेय का?"

एक-दोघींनी डोळा किलकिला करून आपल्या पायांकडे बघितलं.

"जमीन आपल्याला धरून असते. सांगा, जाणवतेय?"

शेवंता सगळ्यांत बोलकी. म्हणाली, "जमीन न्हाई, मॅडम."

"घाई नको. शांत बसा, जाणवेल."

"किती बी शांत बसलं तरी कुठनं जानवंल? सातबाऱ्यावर नावच न्हाई!"

सगळ्या खो खो हसल्या. अपघातानंतर पहिल्यांदा! कौसाबाईसुद्धा ती मिटलेली मूठ तोंडावर धरून हसली. "वा, अंग मोकळं होतंय," मॅडम खूश झाल्या. कशाला हसल्या ते मी त्यांना सांगितलं नाही.

*

एकदा श्वासाचा व्यायाम चालला होता. "मोठा श्वास आत घ्या. अजून थोडा. आता धरून ठेवा... आणि—"

लाईन गेली! रस्त्याच्या कामात कुणीतरी केबल तोडली होती, ते नंतर कळलं. मी हॅलो हॅलो करत फोनला थपडा मारत बसले. वळून बघते तर सातही जणी डोळे मिटून, गाल फुगवून तशाच बसलेल्या. शेवंता तर लालबुंद!

"अगं, सोडा की!"

शेवंतानं भस्सकन श्वास सोडला. "मॅडमनी सोडा म्हनलं न्हाई ना!"

मीही हसले. पण मग मला फार राग आला. मुकादमाच्या शिट्टीवर उठायचं, त्याच्या शिट्टीवर भाकरी खायची, आणि आता श्वास सोडायलाही कुणीतरी सांगायला हवं. राग काढायचा कुणावर ते कळेना, म्हणून फोन उचलून कपाटात कोंबला.

*

जनाबाई एका गुरुवारी थरथरायला लागली. आधी गुडघे, मग खांदे, मग सगळं अंग. मी धरायला धावले, तर फोनमधून मॅडमचा आवाज, "अजिबात थांबवू नका! इतके दिवस अडकलेलं बाहेर पडतंय. येऊ द्या, येऊ द्या!"

स्पीकर मोठा आणि खिडकी उघडी. बाहेर औषधाच्या रांगेत बसलेल्या बायकांनी एवढंच ऐकलं की आत कुणाच्या तरी अंगात येतंय, आणि डॉक्टरसुद्धा येऊ द्या म्हणतायत! पाच मिनिटांत हळद-कुंकू आलं, नारळ आला. कंपाउंडरच्या आईनं तर जनाबाईचे पाय धरून विचारलं, "आई, माझ्या सुनंला दिस कवा जायाचे?"

फोनमधून मॅडम विचारत होत्या, "सिस्टर, तिथं नेमकं काय चाललंय?"

मी म्हटलं, "प्रगती आहे."

गर्दी पांगल्यावर जनाबाई कपाळावरचं कुंकू पुसत म्हणाली, "नवरा गेला तवा दोन म्हैनं रडत हुते, कुनी पानी इचारलं न्हाई. आज पाया पडले."

त्यानंतर ती लाईनवर कधीच थरथरली नाही. मॅडमनी परोपरीनं विचारलं. जनाबाईचं एकच उत्तर, "देवी झाल्यावर रडता येत न्हाई."

*

मग मॅडमनी सुरक्षित जागेचा व्यायाम काढला. "अशी जागा आठवा, जिथं तुम्हाला अगदी निवांत वाटायचं. घर असेल, माहेर असेल."

मला वाटलं, आता कुणी आईचं घर सांगेल, कुणी मावशीचं. शेवटी कौसाबाई बोलली. ती एरवी तोंडच उघडायची नाही, म्हणून मी सरसावून बसले.

"ट्रॉलीत."

"कुठं?"

"ट्रॉलीत, मॅडम. एका फडातनं दुसऱ्या फडात जाताना. तेवढा येळ कुनी काम सांगत न्हाई. पोरगी मांडीवर निजती."

बाकीच्या सहा जणींनी माना हलवल्या. व्हय, व्हय, ट्रॉलीतच.

फोनमधून काहीच येईना. शेवंता वाकून म्हणाली, "मॅडम, लाईन गेली का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आहे."

*

शेवटचा गुरुवार आला. पट्टा पडला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक पाथर्डीला निघणार. बबन बाहेर पायरीवर बसून राहिला. तीन महिन्यांत कौसाबाईची मूठ तसूभरही उघडली नव्हती, आणि बबनच्या मावशीनं मुलगी बघून ठेवल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. कौसाबाईलाही.

मॅडम म्हणाल्या, "आज फक्त कौसाबाई. बाकीच्या नुसत्या तिच्याजवळ बसा."

खूप हळू घेतलं त्यांनी. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट. "तिथं ऊब येतेय का?" "व्हय." "दुखतंय?" "न्हाई." पाऊण तास गेला. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

आणि करंगळी हलली! मी डोळ्यांनी बघितलं. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट सुटलं. शेवंतानं माझा दंड असा दाबला की वळ उठला. मी फोनजवळ तोंड नेऊन कुजबुजले, "मॅडम, दोन बोटं!"

"सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "कौसाबाई, फार छान. आता हात सोडा. घाबरू नका. अगदी सैल सोडून द्या हात. काही होत नाही."

कौसाबाईनं डोळे उघडले. आपल्या हाताकडे बघितलं. दोन्ही बोटं सावकाश पुन्हा आत गेली.

"एकदा सोडला हुता, मॅडम."