वकिलाकडे न्यायचे डबे

कापसाने दगा दिला ती वर्षं. लोहाऱ्यातल्या ज्या जिनिंग मिलमध्ये मी फिटर होतो, तिच्या मालकाने मला काढलं आणि वर म्हणाला, हा आमचा कायम माणूस नव्हताच, हंगामापुरता यायचा. माझं डोकं असं सटकलं, की घरातलं मांजरही माझ्या वाटेला जाईना. नेमणुकीचा कागद तिथे कोणालाच मिळत नसे. कामगारांचे खटले चालवणाऱ्या यवतमाळच्या वकिलांनी मात्र भेटीची वेळ देताना बजावलं, "कायम असल्याचं काहीतरी घेऊन या."

ते काहीतरी बायकोला आठवलं. दिवाळीला मिल हंगामी माणसांना मिठाईचा पुडा द्यायची आणि कायमवाल्यांना स्टीलचा डबा, मिलचं नाव आणि साल कोरलेला. आम्हाला दरवर्षी डबाच मिळाला होता. मी खूश होऊन फडताळ उघडलं, तर आत एकच.

"बाकीचे कुठं गेले?"

"गल्लीत हायत. कोनाकडं लोनचं गेलतं, कोनाकडं सांडगे. रिकामा डबा कोन परत करते?"

खरंच होतं ते. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि भरायला काही सुचेपर्यंत ते त्याच घरी नांदतं. मग मी दारोदार पुरावे गोळा करत फिरलो. "तसाच द्या, वकिलाले दाखवाचा हाये," असं कितीही सांगितलं तरी कोणी ऐकेना. हात तंग असूनही एकीने तुरीची डाळ भरली, दुसरीने पापड, कोपऱ्यावरच्या भाभींनी शेवया. घर लग्नघरासारखं दिसू लागलं. मी चिडलो, आणि चिडता चिडता पापडही खाल्ले.

शेवटचा डबा मिलमधल्या माझ्या जोडीदाराकडे होता. त्याची नोकरी अजून टिकून होती. आपल्यामुळे त्याच्या पोटावर पाय नको, म्हणून मी दारातूनच डबा मागितला. त्याने आणून दिला. उघडला, तर रिकामा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

"भरत नाही बसलो, भाऊ," तो म्हणाला. "डब्याले वकील काय इचारन? मले न्या. तुमी बाराही मयने कामावर राहत होते, मी पाह्यलं ना. मी सांगतो."

"तुले काढून टाकतीन."

"टाकतीन त टाकतीन. मंग वकील त आपल्या वळखीचाच राहीन."

मी हसायला गेलो आणि रडलोच.