त्या वर्षी जे पिकलं

लातूरचा स्वतंत्र जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, पाऊस तेवढा यायचा राहिला. आम्ही तेव्हा शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात होतो. आमचे हे तिथल्या लहानशा चर्चचे पाळक, म्हणून मी पाळकीणबाई. नांदेडला माहेरी नळ उघडला की पाणी यायचं. इथं दोन घागरींसाठी विहिरीच्या तळाशी पाणी साचायची वाट बघत अर्धा दिवस बसावं लागे.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं आणि मी प्रार्थना सोडली. पावसासाठी रोज गुडघे टेकून टेकून माझा जीव विटला होता. देव ऐकतच नसेल तर मी तरी कशाला घसा कोरडा करू, असं मला सरळ वाटायचं. उपासनेत नुसते ओठ हलवायची, बास. एकदा यांना मी फाडकन सांगूनच टाकलं. हे "बरं" म्हणाले आणि घरभेटींना निघून गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे भांडले असते तर परवडलं असतं.

त्यात हंगामाचा सण आला. शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं आणायची आमच्या मंडळीत रीत. कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कधी एखादी कोंबडीसुद्धा. पाळकीणबाईनं दारात उभं राहायचं, प्रत्येकाच्या टोपल्यावर हात ठेवून आभाराचे दोन शब्द मोठ्यानं बोलायचे, मग ते आत जायचं. मी यांना म्हटलं, यंदा सण राहू द्या, लोकांकडं आहे काय आणायला. खरं कारण निराळंच होतं. ओठ हलवून इथं भागणार नव्हतं, आणि लोकांच्या तोंडावर खोटे आभार मानायची माझी हिंमत नव्हती. यांनी ऐकलं नाही. जमलं नाही तर गप उभी राहा, म्हणाले.

रविवारी सगळ्यांत पुढं एक विधवा म्हातारी आली. दुष्काळी कामावर रस्त्यासाठी दगड फोडायची ती. डोक्यावर टोपलं, त्यावर धुतलेलं फडकं. फडकं काढलं, तर आत खडी. मला वाटलं, म्हातारी थट्टा करून राहिली. मी दबक्या आवाजात तिला झापलं, ही सरकारची खडी, मुकादम गावभर बोंब मारील, कळतं का काही.

ती शांतपणे म्हणाली, "त्याला इचारूनच आणली, बाई. उद्या परत नेऊन टाकायची हाय. यंदा माझ्या हातानं एवढंच पिकलं. ठिवा हात."

मागं कोणीतरी हसलं. मी असं बघितलं की तो गप्प झाला. मग मला तिचे हात दिसले. बोटांना चिंध्या बांधलेल्या, एक नख काळंनिळं. आणि ही बाई आभार मानायला आलेली. मला माझी लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, तिचा रागही आला. त्या रागातच मी खडीवर हात ठेवला. उन्हानं ती तापली होती. "देवा" म्हटलं आणि पुढं काही सुचेना. सगळे ताटकळले. मग तोंडातून जे निघालं ते आभार नव्हतेच. हिची बोटं बघ, म्हटलं. आमच्या विहिरीचा तळ बघ. मी किती दिवस तुझ्याशी बोलले नाही, तुला काही वाटलं की नाही. असं भांडता भांडताच त्यामागून आभार आले. हिच्या हातांसाठी, कामावर मिळणाऱ्या धान्यासाठी, माझा कडू स्वभाव मुकाट्यानं सोसणाऱ्या माझ्या नवऱ्यासाठी. आत एवढं साठलेलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. छाती हलकी होत गेली. मी काही थांबेना.

शेवटी म्हातारीनंच माझ्या कोपराला हात लावला. "आवरा आता, बाई. मागं लोकं टोपली घेऊन उभी हायती."