बाबा बरे होतात ते प्रकरण

नाचणगाव सोडलं त्या दिवशी पुलगावला बैलबाजार होता, म्हणून बाबा मला सोडायला स्टेशनवर आले नाहीत. आम्ही एकाच ऑटोतून निघालो. माझ्या मांडीवर बॅग आणि मायनं फडक्यात बांधून दिलेली भाकर, बाबांच्या खांद्यावर त्यांचा दुपट्टा. बाजाराच्या वळणावर ते उतरले, भाड्यावरून ऑटोवाल्याशी भांडले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "माल खोलाच्या आंधी गिऱ्हाईक पाहून घेजो. अन् डोस्कं ठिकाणावर ठेवजो, लय लवकर तापते तुहं." तेवढं बोलून ते गुरांच्या धुळीत शिरले. मी पुण्याची गाडी पकडली.

आता बोरगाव मेघेहून, देवळीहून पोरांचे फोन येतात. "दादा, कादंबरी लिहून ठेवली हाय, कोणाले देऊ?" प्रत्येकाला तेच ते सांगून मी थकलोय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. तिकडे राहिलेल्यांनीही वाचावं आणि माझ्यासारखं गाव सोडून इकडे आलेल्यांनीही.

मी पुण्यात जुन्या फर्निचरचं दुकान चालवतो. आधी दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये कपाटं उचलली, मग स्वतःची विकायला लागलो. दिवसभर 'मॅडम, हा सागवान आहे, प्लाय नाही' असं शुद्ध बोलतो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की माझ्यातला दलालाचा पोरगा जागा होतो. दुपारी दुकानात कोणी नसताना, विकायला आलेल्या टेबलांवरच मी कादंबरी लिहिली. ती एका बैलबाजारातल्या दलालाची आहे. म्हणजे बाबांचीच.

लिहून झाल्यावर मी बाबांचा पहिला सल्ला विसरलो. गठ्ठ्याच्या झेरॉक्स काढल्या आणि दिसेल त्या प्रकाशकाला पाठवल्या. त्यातला एक फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढायचा, दुसरा पाककृतींची. तिसरा म्हणाला, छापू, पण खर्च तुमचा. त्याच्यावर मी इतका ओरडलो की त्याच्या शेजारचा दुकानदार बाहेर आला. तेव्हा ऐका. आधी पुस्तकांच्या दुकानात जा आणि तुमच्यासारखं पुस्तक कोण काढतं ते पाहा. मग त्यालाच पाठवा. पूर्ण गठ्ठा नको. एका पानाचं पत्र, कथा कोणाची आहे आणि तिच्यात काय होतं ते शेवटासकट, आणि सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं. बायकोला फार आवडली, मित्र वाचून रडले, असलं काही लिहू नका. कोणी गाय विकताना ती घरच्यांना आवडते असं सांगत नाही, दूध किती देते ते सांगतो. उत्तर लवकर येत नाही. रोज फोन करू नका. मी करायचो, त्यामुळे दोन दरवाजे कायमचे बंद झाले.

शेवटी एकानं बोलावलं. पेठेत पहिल्या मजल्यावर ऑफिस, भिंतभर पुस्तकं, चहा चांगला. गृहस्थ गोड बोलणारे. म्हणाले, "तुमची ती भाषा फार गोड आहे हो. पण एक सांगू? बाप शेवटी बरा कशाला होतो? विदर्भातलं पुस्तक आहे. वाचकाच्या काही अपेक्षा असतात."

माझ्या कादंबरीत बापाला ताप चढतो, त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवतात, सगळं गाव आशा सोडतं. आणि शेवटच्या प्रकरणात तो उठून पुन्हा बाजारात जातो. खरंही तसंच झालं होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे माणसं बरीपण होतात, साहेब. रोज होतात." आवाज चढला असावा, कारण ते हसून म्हणाले, "बसा, बसा."

मग आम्ही दुपारभर सौदा केला. मी मानधन वाढवून घेतलं, मुखपृष्ठावरचं वठलेलं झाड काढायला लावलं, लेखकाच्या प्रती वाढवून घेतल्या. बापाचा मुद्दा शेवटी ठेवला. बाजारात असंच करतात, ज्यावर जीव आहे ते सगळ्यात शेवटी काढायचं, समोरचा थकल्यावर. ते थकले. "बरं बाबा, जगू द्या तुमच्या वडिलांना," म्हणाले आणि हात पुढे केला. मी हात दिला.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण पुण्यातल्या माणसाला हे कळत नाही. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल दुपट्ट्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरतो, बोटं दाबून आकडा सांगतो, आणि हात सुटला की सौदा पक्का. त्यानंतर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. मानधन आणि प्रती करारात आल्या, तेवढं मी बोट ठेवून वाचलं. बापाचं मात्र लिहून घ्या असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. हात दिला होता ना त्यांनी.

पुस्तक आलं. चांगलं जाड, वास छान. शेवटचं पान उघडलं तर बाप दवाखान्याच्या खाटेवर, खिडकीतून उजेड येतोय, आणि खाली 'समाप्त'. शेवटचं प्रकरणच नव्हतं.

मी तसाच दुकान उघडं टाकून प्रकाशकांकडे गेलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही तुमचा एक शब्द बदललेला नाही. एक प्रकरण फक्त कमी केलं. आणि मेला असं तरी कुठं लिहिलंय?" करारात 'आवश्यक ते संपादन करण्याचा हक्क' त्यांच्याकडे होता. मुद्रित, म्हणजे प्रूफ, मी तपासलं होतं, पण छपाईला जाण्याआधीचं शेवटचं दाखवण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. तुम्ही या दोन गोष्टी करारात नीट पाहा. शेवटचं मुद्रित तुमच्या सहीशिवाय छापायचं नाही, असं लिहून घ्या. हक्क किती वर्षांसाठी देताय तेही पाहा. मानधनावर घासाघीस नंतर करा.

पुस्तक खपलं. 'शेवट चटका लावून जातो,' असं परीक्षणात आलं. एका कार्यक्रमात एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "वडिलांचं फार वाईट वाटलं." मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

माझी बहीण नालवाडीला दिलेली आहे. तिनं माहेरी जाऊन बाबांना पुस्तक वाचून दाखवलं, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. नंतर तिचा फोन आला. "दादा, बाबाले तू काऊन मारलं?" मागून बाबांचा आवाज, "मंग? म्होरं वाच ना वं!" आणि ती, "म्होरं नाई हाय बाबा. सरलं." मग फोन बाबांनी घेतला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हात देल्ला होता का त्यानं?"

"हो."

"मंग लोकं त्याले बाजारात कसे येऊ देते?"



यंदा प्रकाशकांचा निरोप आला. दुसरी आवृत्ती, वर पुढच्या कादंबरीचा करार, रक्कम चांगली. फक्त शेवटाला हात लावायचा नाही. मी नाही म्हणालो. न ओरडता म्हणालो, आता तेवढा जोरही राहिला नाही. हक्क माझ्याकडे परत यायला अजून वेळ आहे. आले की पूर्ण पुस्तक काढीन, गरज पडली तर दुकानातलं फर्निचर विकून.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते प्रकरण प्रिंट काढून नेलं आणि अंगणात बाबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "हे जोडी म्या एवढ्या सस्त्यात देल्ली नसती." माय आतून बोलली, "मरता मरता उठला अन् तरी भावच करून राह्यला!" पूर्ण झाल्यावर ते म्हणाले, "बराबर हाय. पण हे कागदं काय दाखवू लोकायले? पुस्तकात येऊ दे."

बाबांनी बाजार सोडलाय. जिना चढताना थांबतात. पुस्तकात ते बरे होईपर्यंत ते इथं थांबतील, असं मला कोणाकडूनही लिहून घेता येणार नाही.

पुण्यात माझी ओळख एका मेलेल्या माणसाचा मुलगा अशी आहे. नवे वाचक भेटले की आवाज खाली आणतात. असं झालं की मी रात्री, कधी दुकानातूनच, नाचणगावला फोन लावतो. बोलायला काही नसतं. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढंच उरलंय, तिकडून फोन उचलला जातो आणि बाबांचा चिडका आवाज येतो, "बोल ना गा! फोन लावते अन् गप काऊन बसते?"