मुळशीच्या बंगल्यातली ती कबुली

आधीच सांगून टाकते, रस्त्यातलं लिंबू-मिरची खुशाल ओलांडून जाणारी बाई आहे मी. भूत, भानामती, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. उभा जन्म शाळेत सायन्स शिकवण्यात गेला. तेव्हा हे वाचून कुणी 'आजी, औषधं वेळेवर घेता ना?' असं विचारलंत तर मला राग येणार नाही. बरं, येईल. पण लिहिल्याशिवाय आता चैन पडत नाही.

साल एकोणसाठ की साठ, मी आठवीत. आम्ही कासार आंबोलीचे, शेतकरी माणसं. दादा, म्हणजे माझे वडील, पुण्यात कॅम्पातल्या एका अँग्लिकन मिशनच्या मुलींच्या शाळेत बांधकामावर मुकादम होते. तिथल्या मोठ्या मिस, म्हणजे इंग्रज हेडमिस्ट्रेस, त्यांना म्हणाल्या, "मुलगी आहे ना? पाठवा." आणि मी सहावीतच गेले की हो बोर्डिंगात! दोन वर्षांत 'हाय', 'न्हाई', 'लई' सगळं बोलण्यातून हद्दपार केलं. कुणी गाव विचारलं की ठोकून द्यायची, "पूना". लाज वाटते आज सांगताना.

शाळेला आपल्या इतिहासाचा भारी अभिमान. भाड्याच्या बंगल्यात सात मुलींवर सुरू झालेली, प्लेगात तंबूत वर्ग भरवलेली शाळा! लाकडी मुठीची एक पितळी घंटा होती, पहिल्या सिस्टरांनी विलायतेहून आणलेली. प्रार्थनेला तीच वाजायची. पण घंटेहून मोठा अभिमान खरं बोलण्याचा. काही चुकलं की मिस सगळ्यांना बसवून एकदाच विचारायच्या, "कुणी केलं?" चहाडी करायची नाही, दुसरीकडे बोट दाखवायचं नाही. जिने केलं तिने आपणहून उभं राहायचं. उभं राहणारीला शाळेतून काढत नसत. लपवणारीला मात्र थारा नव्हता.

त्या हिवाळ्यात शाळेच्या वाढदिवसासाठी आमच्या वर्गाला मुळशीला नेलं. धरणाच्या काठी एका पारशी गृहस्थाचा जुना बंगला होता, तिथे तीन दिवसांचा कॅम्प. बस पौड रस्त्याने आमच्या गावाच्या फाट्यावरून गेली, तेव्हा मी बुटाची लेस बांधत बसले होते. कुणी ओळखीचं हाक मारेल या धास्तीने.

प्रार्थनेसाठी घंटाही बरोबर आणलेली. तिची जबाबदारी त्या वर्षी रूथकडे होती. रूथ माझ्या शेजारच्या खाटेवरची. बाप नाही, आई नगरकडे मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. मिशनने फी माफ केली म्हणून पोर शिकत होती. मॅट्रिक होऊन नर्स व्हायचं, आईच्या हातातला झाडू सोडवायचा... हे एकच वेड तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या सक्तीने आडव्या झाल्या होत्या. घंटा व्हरांड्यातल्या टेबलावर होती. तिच्यावर काळपट डाग पडलेले. शाळेत डबीतलं पॉलिश लावायचे, पण माझी आई म्हणायची, "पितळ राखंनंच उजळतंय." मला वाटलं, उद्याच्या प्रार्थनेला अशी लखलखवून ठेवू की मिस बघतच राहतील. चुलीतली राख घेतली, परकर खोचला आणि काठावर बसून नदीवर भांडी घासतात तशी खसाखसा घासायला लागले. चांगली उजळलीही! धुवायला वाकले, हात राखेने निसरडा झालेला... घंटा सुटली. उतारावर दोनदा आपटली, वाजली आणि खोल पाण्यात गेली.

मी तोंड धुतलं, हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडले. झोपेचं सोंग घेतलं.

चार वाजता बोंब झाली. रूथ घंटा शोधत काठापर्यंत जाऊन आली होती आणि बोर्डिंगच्या मेट्रनने नेमकं तेवढंच पाहिलं. "तूच नेलीस," त्या म्हणाल्या. रूथ म्हणाली, "मला माहीत नाही." झालं! जबाबदारी तिची, काठावर दिसली ती, आणि वर नाकबूल. मिसने सगळ्यांना व्हरांड्यात जमिनीवर बसवलं. नेहमीप्रमाणे एकदाच विचारलं. मग रूथकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "कुणी उभं राहिलं नाही तर उद्या सकाळच्या बसने तुला आईकडे जावं लागेल."

ऊन अजून लख्ख होतं. मी शेवटच्या रांगेत, पाठ भिंतीला लागलेली. रूथ समोर उभी, पांढरीफटक. मला कळत होतं, मी उठले नाही तर हिचं शिक्षण संपलं. तरी उठवेना हो! परकर खोचून राख फासणारी गावंढळ पोर म्हणून सगळ्या हसतील, हीच भीती. दात घट्ट आवळून बसले होते. दाढा दुखायला लागल्या, इतके.

आणि आवाज आला.

"मिस, घंटा म्या पाण्यात घालवली. रूथला कायबी ठावं न्हाई."

ठणठणीत, स्पष्ट. आवाज माझा. बोली आमच्या घरची, मी दोन वर्षांत एकदाही तोंडातून न काढलेली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी... मी मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून! मागे नुसती भिंत.

मिस जवळ आल्या. मी उभीसुद्धा राहिले नव्हते; मला वाटलं, आता काढतायत. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "शाबास. हे फार कठीण असतं." रूथ हमसून हमसून रडायला लागली. कुणीही हसलं नाही. आणि मी ती शाबासकी घेतली. काय करणार होते? 'मिस, ते मी बोलले नाही' असं सांगणार होते?

घंटा काही सापडली नाही. पुढे खरं बोलणारी मुलगी म्हणून मला हेडगर्ल केलं. नोकरीतसुद्धा कुठे वाद झाला की लोक म्हणायचे, 'बाईंना विचारा, त्या खोटं बोलायच्या नाहीत.' दर वेळी मी विषय बदलायची. भाचा डॉक्टर आहे, तो म्हणतो, "आत्या, ताणाखाली माणूस बोलून जातो आणि विसरतो." असेल. मीही तीच समजूत घालत आले स्वतःची.

गेल्या वर्षी रूथला भेटायला गेले. नर्स झाली, दवाखान्याची मेट्रन म्हणून रिटायर झाली, आईला शेवटपर्यंत सांभाळलं तिने. आता अंथरुणाला खिळलीय. न राहवून एकदाचं ओकले, "रूथ, त्या दिवशी मी बोलले नव्हते गं."

ती शांतपणे म्हणाली, "माहितेय मला."

"म्हणजे?"

"उठल्यावर तुझ्या नखांत राख पाहिली होती मी, आणि काठावरही राख सांडलेली. चहाडी करायची नाही, म्हणून गप्प राहिले. पण त्या व्हरांड्यात सगळा वेळ तुझ्या तोंडाकडेच बघत होते. बोल, बोल म्हणून देवाचा धावा चालला होता. आवाज आला तेव्हा तुझे ओठ मिटलेले होते."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला शिकायचं होतं," ती म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "एक सांग. तो आवाज आला नसता, तर तू उठली असतीस?"

आवाज कुणाचा होता, मला ठाऊक नाही. भाच्याचं म्हणणं रूथच्या डोळ्यांपुढे टिकत नाही, आणि दुसरं काही मला सुचत नाही. पण रूथला त्या दिवशी जे उत्तर दिलं, ते मात्र मी माझ्याच तोंडाने दिलं.

"नसते उठले," मी म्हणाले.