पिशवीत उरलेल्या तीन बाटल्या

त्या वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. आष्टी तालुक्यात ऊसच नव्हता. तोडीच्या टोळ्या लांबच्या जिल्ह्यांत निघून गेल्या आणि आमच्या सहकारी कारखान्याच्या आवारात, एरवी जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथं चारा छावणी पडली. मी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मी, औषधांचं एक कपाट आणि जनावरांबरोबर छावणीत राहायला आलेली माणसं. टँकरच्या पाण्यानं पोटं बिघडलेली असायची. सलाईनची बाटली काढायला हात गेला की मनात यायचं, उद्या याहून वाईट अवस्थेत कुणी आलं तर? मग आधी मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, तासभर बघायचं. दिवसभर हेच ठरवून डोकं शिणून जायचं.

प्रयोगशाळेतला केमिस्ट पुण्यात शिकलेला. रसच नाही तर तपासणार काय? रविवारी दुपारी तो आपल्या क्वार्टरमध्ये पुण्याहून आणलेला एक खेळ मांडायचा. तो गोष्ट सांगणार, आपण तिच्यातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. त्याची बायको जादूगार झाली. वर्कशॉपचे मिस्त्री, पन्नाशीचे, कुऱ्हाडवाले योद्धे झाले. मला तलवार हवी होती.

"सिस्टर असताना वैद्य दुसरं कोण होणार?" केमिस्ट म्हणाला. वाद घालायचंही त्राण नव्हतं. पाच बाटल्या औषध माझ्या नावावर लिहिलं गेलं. एक बाटली पाजायची म्हणजे आपली एक खेळी जाणार. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या जिवांचा आकडा असायचा; बाटली पाजली की फासा पडेल तेवढे जीव परत मिळणार, आणि आकडा शून्यावर आला की माणूस मेला.

चार-पाच रविवारांत मी दोनच बाटल्या वापरल्या. मग एका गुहेत रानडुकरांसारख्या राक्षसांनी आम्हाला घेरलं. मिस्त्रींच्या कागदावर सहा जीव उरले.

"सिस्टर, पाजा की आता."

"सहा आहेत अजून. पुढं याहून अवघड असेल."

"आवो, कशाला राखून ठिवताय? पुढं जायला मी तरी पायजे ना!"

मी ऐकलं नाही. एक खेळी थांबू, म्हटलं. केमिस्टनं राक्षसांच्या वतीनं फासा टाकला आणि आकडा सगळ्यांना दाखवला. मिस्त्रींचा योद्धा मेला. माझ्या पिशवीत तीन बाटल्या तशाच होत्या.

मिस्त्रींनी कागदाची नीट घडी करून खिशात घातली. "जाऊ द्या, सिस्टर. खेळ हाय." चहा पिऊन ते गेले. मी क्वार्टरवर आले आणि दिवसाउजेडीच आडवी झाले. झोप लागली नाही. एवढीशी गोष्ट, आणि मला रडू येत होतं. छावणीत कुणाला मी सलाईन उशिरा दिलं का, हे एकेक चेहरा आठवून तपासत राहिले. तसं कुणी सापडलं नाही. तरी तपासणं थांबेना.

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण मिस्त्री स्वतःच बोलवायला आले. त्यांच्याकडे नवा कागद होता.

"आता मी बी वैद्यच. तुमी घ्या तलवार."

केमिस्टनं कुरकुर केली, दोन वैद्य कशाला म्हणून. त्याच्या बायकोनं त्याला गप्प केलं. मी तलवार घेतली आणि तासाभरात घायाळ झाले. दोन जीव उरले. मिस्त्रींनी आपली खेळी सोडून बाटली काढली.

"नको, ठेवा," माझ्या तोंडून निघून गेलं. "मी बसते मागं."

"लई झालं तुमचं. गप प्या."

त्यांनी फासा टाकला. एक पडला, सगळ्यांत लहान आकडा. केमिस्टची बायको फिस्सकन हसली, मग मिस्त्रीही. मी कागदावरचा दोन खोडून तीन लिहिला. मला खरंच बरं वाटलं होतं, पण ते सांगायचं कसं ते कळेना, म्हणून म्हटलं, "चला, कुणाची पाळी?"