ढग पळवणारे सर

आमच्या सरांचा कशावरही विश्वास नव्हता. सकाळी सूर्य उगवला, तरी तो कालचाच कशावरून, अशी शंका घेऊनच ते दात घासत. एकदा त्यांचे सासरे कळवलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच दारात उभे राहिले. सर म्हणाले, "तुम्ही उद्या येणार होतात. मग आज आलेले तुम्हीच कशावरून?" म्हातारा पिशवीतून पेन्शनचा हयातीचा दाखला काढून दाखवल्यावरच आत आला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण सरांना ओळखणाऱ्या एकानंही ते आजवर खोटं ठरवलेलं नाही. कॉलेजात त्यांना सगळे 'कशावरून सर'च म्हणत.

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. मोबाइल तेव्हा नवेनवे होते. एक फोन लागावा म्हणून माणसं पाण्याच्या टाकीवर चढत आणि बोलणं संपलं की उतरायला घाबरत. सरांचं म्हणणं असं की, डोंगरावर मनोरा बांधत कशाला बसायचं? मनोराच हवेत उडवा! आज पोरंसोरं ज्याला ड्रोन म्हणतात, त्याची ही आजी. उडत्या विमानातून सोडलेली रेडिओलहर जमिनीवर किती पोचते, वाटेत कुठं आपटते, कुठं विरते, यावर सर पन्नाशीत पीएच.डी. करत होते. विमान हलक्या लाकडाचं, रिमोटवर चालणारं. आवाज मात्र असा, की सिन्नरला उडवलं तर इगतपुरीत म्हशी आटाव्यात. उडवायचो मी. खाली अँटेना धरून आकडे टिपायचे सर.

आकडा चांगला आला की सरांचा चेहरा पडायचा. "इतका सरळ? कुणीतरी गडबड केलीय." मग ते संशयानं अँटेनाकडं बघत, आभाळाकडं बघत आणि शेवटी माझ्याकडं. विमान पुन्हा वर. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला की नाइलाजानं लिहून घेत, तेही शेजारी प्रश्नचिन्ह काढून.

सगळं झालं, एकच प्रकरण राहिलं: पावसातलं. भिजलेली जमीन लहर कशी परतवते, ते पडत्या पावसात मोजल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता. विद्यापीठानं एकदा मुदत वाढवली होती आणि मार्चनंतर नोंदणीच रद्द करू, असं बजावलं होतं. म्हणून श्रावणात आम्ही चांदवडच्या बाजूला एका माळावर तळ ठोकला. ढग यायचे, आम्ही विमान चढवायचो, ढग जायचे. रोज तेच. एके दिवशी अख्खं गाव माळावर आलं.

"मास्तर, इमान खाली घ्या," सरपंच म्हणाले. "तुमच्या इमानानं ढग पळत्यात."

"कशावरून?"

"तुम्ही आल्यापासून थेंब नाय!"

"अहो, मलाच पाऊस हवाय! त्यासाठीच तर मी इथं बसलोय!"

गर्दीतून एक आजी पुढं आली. "आमचा कांदा जळाला अन् ह्यो म्हनं पावसाची वाट बघतोय. चोर कधी म्हनंल का, मी चोरी कराया आलो म्हनून?"

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आरोपी झाला. पुरावा मागायची सवय होती, द्यायची नव्हती. मी विमान पोत्यात घातलं आणि आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी चांदवडला असा कोसळला म्हणता! सरांची तिथं परत जायची सोयच उरली नाही. आणि ही बातमी आमच्याआधी जिल्हाभर पोचली; पावसाळा संपेपर्यंत एकाही गावानं आम्हाला शिवारात उभं केलं नाही.

माघ उजाडला, तेव्हा दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार, आबा, स्वतः जीप घेऊन कॉलेजात आले. बागेत उडवा म्हणाले, राहा म्हणाले, जेवा म्हणाले. त्यांच्या घरचा चहा पिताच सर माझ्या कानाशी लागले. "साखर जास्त आहे. याचं काहीतरी काम आहे."

काम होतंच. घड भरले होते, व्यापाऱ्याशी सौदा ठरला होता आणि आभाळ मात्र रोज भरून येत होतं. पाऊस आला तर मणी तडकून सगळी बाग मातीत. "चांदवडचे ढग हाकलले, तसे आमचे बी हाकला," आबा हात जोडून म्हणाले.

मी सरांना खूण केली, गप्प बसा. एवढी आयती जागा पुन्हा मिळणार नव्हती. पण सर उभे राहिले. "आबा, माझ्या विमानानं ढग हलत नाहीत. शिवाय मला पाऊसच पाहिजे. पडला तर माझं काम होतं आणि तुमचं बुडतं. आता सांगा, राहू की जाऊ?"

आबा पोट धरून हसले. "सर, तुम्ही लय गमत्ये! ते चांदवडकरांसमोर बोलायचं. इथं आपली घरचीच माणसं हायेत."

खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणून सर चार दिवस धड जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी विमान वर असतानाच पाऊस आला. असा आला, की जणू दारणा नदी कुणीतरी उभी करून आमच्या डोक्यावर ओतली. मी रिमोटवर गोणपाट धरलं. सर अँटेना घेऊन भिजत होते, पेन्सिल चालू होती, आणि ज्याच्यासाठी वर्षं घालवली, ते आकडे एकामागून एक येत होते. द्राक्षवेलींच्या मंडपाखाली आबा उभे होते. टपोरे मणी त्यांच्या डोळ्यांदेखत उकलत होते. सरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि पेन्सिल खिशात टाकली. मला ओरडले, "उतरव."

"का थांबले?" आबा तिथूनच म्हणाले.

सरांनी वही मिटली.

"मोजा की! माझं तर गेलंच. तुमचं तरी पदरात पडू द्या. ए मिस्तरी, उतरवू नको रे!"

सरांनी वही उघडून पेन्सिल काढली. पुढचा आकडा लिहून घेतला.

मार्चच्या आत प्रबंध गेला आणि सर डॉक्टर झाले. पावसाच्या त्या तक्त्यात एकाही आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह नव्हतं. आबांनी मात्र पुढं कधी काही मागितलं नाही. ना शब्द टाकला, ना भाच्याची अॅडमिशन. सर दर महिन्याला मला विचारायचे, "आबांचा फोन?" नाही म्हटलं की अस्वस्थ व्हायचे.

निवृत्त होऊन ते मुलाकडं पुण्याला निघाले, तेव्हा मी सामान चढवायला गेलो होतो. टेम्पो भरला. सरांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते आबा. बाग डोळ्यांसमोर जात होती आणि मला म्हणाले, मोजा. त्यांना काय हवं होतं रे?"

"काही नाही, सर. माणूस चांगला होता."

सरांनी टेम्पोची दोरी एकदा ओढून पाहिली.

"हो," ते म्हणाले. "तेवढंच उरतंय. बाकीची सगळी कारणं मी तपासून पाहिली."